भ्रमणध्वनीद्वारे संगणक सर्व्हरचे दूरस्थ निरीक्षण व व्यवस्थापन : महाड-पोलादपूर परिसराच्या विशेष संदर्भात

सारांश : महाविद्यालयातील सर्व्हरची स्थिती दुरून भ्रमणध्वनीवर पाहणे व त्यास आज्ञा देणे आज तांत्रिकदृष्ट्या सुलभ झाले आहे. तथापि ही संपूर्ण व्यवस्था वीज व संपर्क यांवर अवलंबून असते आणि अतिवृष्टीच्या प्रदेशात नेमक्या संकटाच्या वेळी हीच दोन साधने प्रथम बंद पडतात. प्रस्तुत लेखात दूरस्थ निरीक्षण व व्यवस्थापनाची कार्यपद्धती विशद करून, महाड व पोलादपूर तालुक्यांतील महाविद्यालयांनी ती कोणत्या पद्धतीने स्वीकारावी, याचे विवेचन केले आहे.

बीजसंज्ञा : सर्व्हर, दूरस्थ निरीक्षण, भ्रमणध्वनी, सुरक्षितता, आपत्ती व्यवस्थापन.

१. प्रस्तावना

रायगड जिल्ह्यात सह्याद्रीच्या पायथ्याशी महाड व पोलादपूर हे तालुके वसलेले आहेत. महाबळेश्वरला उगम पावणारी सावित्री नदी पोलादपूरवरून महाडला येते व पुढे बाणकोटच्या खाडीतून अरबी समुद्रास मिळते. गांधारी नदीही महाडजवळच तिला मिळते. घाटमाथ्यावरील अतिवृष्टी व खाडीतील भरती एकाच वेळी आल्यास महाड शहरात पाणी शिरते.

या परिसरातील महाविद्यालयांचे प्रशासन गेल्या दोन दशकांत मोठ्या प्रमाणावर संगणकाधिष्ठित झाले आहे. प्रवेश, शुल्क, हजेरी, अंतर्गत गुण इत्यादी नोंदी सर्व्हरवर ठेवल्या जातात. ग्रंथालयांसाठी गांधीनगर येथील इन्फ्लिबनेटची ‘सोल’ किंवा २००० साली न्यूझीलंडमध्ये प्रथम कार्यान्वित झालेली ‘कोहा’ यांसारख्या प्रणाली उपलब्ध आहेत. अशा प्रणाली ज्या यंत्रावर चालतात ते बंद पडल्यास दुरुस्तीसाठी जाणकार व्यक्ती बहुधा मुंबई, पनवेल किंवा पुण्याहून यावी लागते. पावसाळ्यात वरंध किंवा आंबेनळी घाटात दरड कोसळली की तो मार्गही खुंटतो. त्यामुळे दूरस्थ व्यवस्थापन ही या परिसरात चैनीची बाब राहत नाही.

२. निरीक्षणाची कार्यपद्धती

इतर संगणकांना माहिती व सेवा पुरविणारा संगणक म्हणजे सर्व्हर. त्याचे निरीक्षण म्हणजे त्याच्या प्रकृतीची नियमित तपासणी होय. प्रोसेसरवरील भार, स्मृतीचा वापर, डिस्कवरील शिल्लक जागा, तापमान व यू.पी.एस.मधील बॅटरीची पातळी ही त्याची प्रमुख लक्षणे मानली जातात.

ही माहिती गोळा करण्यासाठी १९८८ साली एस.एन.एम.पी. हा संकेत प्रथम प्रसिद्ध झाला. यात सर्व्हरवर एक छोटा कार्यक्रम ‘प्रतिनिधी’ म्हणून राहतो व ‘निरीक्षक’ संगणक त्याला ठरावीक अंतराने प्रश्न विचारतो. गंभीर प्रसंगी प्रतिनिधी स्वतःहूनही सूचना पाठवू शकतो. या संकेताच्या आरंभीच्या आवृत्त्यांत परवलीचा शब्द उघड स्वरूपात प्रवास करीत असे. तिसऱ्या आवृत्तीत कूटलेखनाची सोय झाली. म्हणून आज केवळ तिसरी आवृत्ती वापरणे इष्ट ठरते.

निरीक्षकाचे काम करणाऱ्या ‘नागिओस’ व ‘झॅबिक्स’ या प्रणाली मुक्त स्रोत असल्याने महाविद्यालयास त्यांसाठी परवाना शुल्क भरावे लागत नाही. प्रत्येक लक्षणासाठी मर्यादा ठरवून दिली जाते. उदाहरणार्थ, डिस्क ८० टक्के भरल्यास इशारा व ९० टक्के भरल्यास तातडीची सूचना भ्रमणध्वनीवर येते. मर्यादा फार कडक ठेवल्यास दिवसभर सूचनांचा मारा होतो, वाचणारा कंटाळतो आणि महत्त्वाची सूचनाही दुर्लक्षित राहते. ज्या सूचनेवर काहीतरी कृती करावयाची आहे तेवढीच भ्रमणध्वनीवर पाठवावी, हा यातील व्यावहारिक नियम होय.

३. व्यवस्थापनाचे मार्ग

निरीक्षणात केवळ पाहावयाचे असते. व्यवस्थापनात सर्व्हरला आज्ञा द्यावयाची असते. याचे तीन मार्ग प्रचलित आहेत.

(अ) आज्ञा-पटल : फिनलंडमधील हेलसिंकी तंत्रविद्यापीठाच्या जाळ्यावर परवलीचे शब्द चोरण्याचा प्रकार घडल्यानंतर तेथील संशोधक तातू युलोनेन यांनी १९९५ साली एस.एस.एच. हा कूटबद्ध संकेत तयार केला. त्याद्वारे साध्या भ्रमणध्वनीवरूनही अक्षरी आज्ञा देऊन सेवा पुन्हा सुरू करता येते. यात अत्यल्प माहितीची देवाणघेवाण होत असल्याने मंद संपर्कातही काम चालते. घाटात रेंज येत-जात असेल तर २०१२ साली पुढे आलेली ‘मॉश’ ही प्रणाली अधिक उपयुक्त ठरते, कारण संपर्क तुटून पुन्हा जुळला तरी तिच्यातील काम खंडित होत नाही.

(ब) चित्ररूप पटल : सर्व्हरचा पडदा जसाच्या तसा भ्रमणध्वनीवर उमटतो. ही पद्धत शिकण्यास सोपी असली तरी तिला वेगवान संपर्क लागतो. शिवाय लहान पडद्यावर बोट चुकीच्या जागी पडण्याचा धोका असतो.

(क) स्वतंत्र नियंत्रक : चांगल्या प्रतीच्या सर्व्हरमध्ये मुख्य यंत्राहून वेगळा असा एक छोटा संगणक बसविलेला असतो. मुख्य यंत्र बंद असले तरी वीजपुरवठा असेपर्यंत तो जागा असतो व दुरून यंत्र सुरू किंवा बंद करू शकतो. यासाठीचा आय.पी.एम.आय. हा संकेत १९९८ साली व त्याचा आधुनिक पर्याय ‘रेडफिश’ २०१५ साली प्रसिद्ध झाला.

४. सुरक्षितता

ज्या दाराने प्राध्यापक आत जातात त्याच दाराने इतरही जाऊ शकतात. मे २०१९ मध्ये विंडोजच्या दूरस्थ पडदा-सेवेत ‘ब्लूकीप’ नावाचा दोष उघडकीस आला. त्यात परवलीचा शब्द ठाऊक नसतानाही यंत्राचा ताबा घेणे शक्य होते. अशा सेवा आंतरजालावर थेट उघड्या ठेवणे म्हणूनच घातक होय.

यावर उपाय म्हणजे व्ही.पी.एन., अर्थात सार्वजनिक जाळ्यातून काढलेला कूटबद्ध बोगदा. मार्च २०२०मध्ये लिनक्सच्या ५.६ या आवृत्तीत समाविष्ट झालेली ‘वायरगार्ड’ ही प्रणाली भ्रमणध्वनीवर सहज चालते. अनेक ब्रॉडबँड व मोबाईल जोडण्यांना स्वतंत्र सार्वजनिक पत्ता मिळत नाही व बाहेरून त्यांच्याशी संपर्क साधता येत नाही. अशा वेळी सर्व्हरनेच बाहेरील एखाद्या विश्वसनीय यंत्राकडे बोगदा उघडावा. त्यामुळे पत्त्याची अडचण सुटते आणि महाविद्यालयाच्या बाजूस एकही दार उघडे ठेवावे लागत नाही.

भ्रमणध्वनी हरविण्याची शक्यता गृहीत धरून प्रत्येक व्यक्तीस स्वतंत्र किल्ली द्यावी. एकाची किल्ली रद्द केल्याने इतरांचे काम अडू नये. भारत सरकारच्या सर्ट-इन या संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांत सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळविणे व नोंदी १८० दिवस जपून ठेवणे बंधनकारक केले आहे. महाविद्यालयांनीही हा दंडक आपल्या कार्यपद्धतीत आणणे हितावह आहे.

५. संपर्क तुटल्यावर काय?

येथवरचे विवेचन कोणत्याही शहरास लागू पडेल. महाड-पोलादपूरचा प्रश्न याहून वेगळा आहे. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले आणि जिल्ह्यात विजेचे असंख्य खांब कोसळले. २२ जुलै २०२१ रोजी महाड शहर पुराच्या पाण्याखाली गेले. त्याच दिवशी महाड तालुक्यातील तळिये येथे दरड कोसळून ऐंशीहून अधिक व्यक्तींचा मृत्यू झाला. पोलादपूर तालुक्यातील केवनाळे व सुतारवाडी येथेही दरडी कोसळल्या. अशा आपत्तीत वीज, रस्ता व भ्रमणध्वनी ही तिन्ही साधने एकाच वेळी निकामी होतात. संपर्क आहे असे गृहीत धरून आखलेली दूरस्थ व्यवस्था त्या क्षणी निरुपयोगी ठरते.

एका साध्या हिशेबाने हे स्पष्ट होईल. समजा, नवा यू.पी.एस. सर्व्हरला ३० मिनिटे चालवू शकतो, निरीक्षक दर ५ मिनिटांनी विचारणा करतो व यंत्र नीट बंद होण्यास ८ मिनिटे लागतात. वीज गेल्याचे कळण्यास ५, सूचना वाचून निर्णय घेण्यास १० व यंत्र बंद होण्यास ८, अशी २३ मिनिटे खर्च होतात. हातात ७ मिनिटे उरतात. तीन-चार वर्षांत बॅटरी अर्ध्यावर आली की उपलब्ध वेळ १५ मिनिटांचा होतो व हिशेब तोट्यात जातो. पोलादपूरहून महाड सुमारे २० किलोमीटर; प्रत्यक्ष येऊन यंत्र बंद करू म्हटले तर रस्ता मोकळा असूनही वेळ पुरत नाही. यंत्र अकस्मात बंद पडल्यास डेटाबेसमधील नोंदी बिघडू शकतात. त्या नोंदी म्हणजे विद्यार्थ्यांचे गुण व शुल्काच्या पावत्या होत.

यातून एक निष्कर्ष अपरिहार्य ठरतो : संपर्क नसताना घ्यावयाचे निर्णय संपर्क असतानाच सर्व्हरवर सोपवून ठेवले पाहिजेत. ‘नेटवर्क यू.पी.एस. टूल्स’ या मुक्त प्रणालीने सर्व्हर स्वतःच यू.पी.एस.वर लक्ष ठेवू शकतो. वीज गेल्यावर ५ मिनिटे वाट पाहून त्याने स्वतः बंद व्हावे, असा नियम दिल्यास ५ व ८ मिळून १३ मिनिटांत काम पूर्ण होते. जुन्या बॅटरीतही ते बसते आणि अल्पकाळ वीज गेल्यास यंत्र विनाकारण बंद होत नाही.

६. सुचविलेली उपाययोजना

१) निरीक्षक संगणक सर्व्हरच्याच इमारतीत नसावा. तो त्याच इमारतीत असल्यास दोन्ही एकदमच बंद पडतील आणि सूचना पाठविण्यास कोणी उरणार नाही. तो दूरच्या ठिकाणी असावा व १५ मिनिटे सर्व्हरकडून काहीच खबर न आल्यास त्याने ‘संपर्क नाही’ अशी सूचना द्यावी. सर्व्हरचे मौन हीच येथे सर्वांत महत्त्वाची खबर ठरते.

२) नोंदींची एक प्रत रोज सावित्रीच्या खोऱ्याबाहेर जावी. महाडची प्रत पोलादपूरला ठेवणे पुरेसे नाही, कारण २०२१ साली एकाच दिवशी दोन्ही तालुके संकटात सापडले. प्रत परत उतरवून पाहण्याची चाचणी दर सत्रात एकदा घ्यावी.

३) सर्व्हर व यू.पी.एस. तळमजल्यावर नसावेत. महाडसारख्या ठिकाणी हा नियम कोणत्याही प्रणालीपेक्षा अधिक उपयोगी आहे.

४) पूर ओसरल्यावर यंत्र दुरून सुरू करू नये. भिजलेल्या यंत्रात वीज सोडल्यास त्यात शिल्लक असलेली माहितीही नष्ट होऊ शकते. म्हणून पावसाळ्यात स्वयंचलित पुनरारंभाची सोय बंद ठेवून, प्रत्यक्ष पाहणीनंतरच आज्ञा द्यावी.

५) तातडीची सूचना आंतरजालाबरोबर एस.एम.एस.नेही जावी, कारण मंद संपर्कात लघुसंदेश पोचण्याची शक्यता अधिक असते.

६) सूचना किमान तिघांकडे जावी व त्यांपैकी एक महाविद्यालयाजवळ राहणारा असावा. अनेक ठिकाणी सर्व्हरची सारी माहिती तासिका तत्त्वावरील एखाद्या अध्यापकाच्या भ्रमणध्वनीतच असते. त्यांची नेमणूक संपली की संस्थेचा स्वतःच्या यंत्रावरील ताबा सुटतो. परवलीचे शब्द व कार्यपद्धतीची लेखी प्रत मोहोरबंद पाकिटात प्राचार्यांकडे असणे हा यावरचा सोपा, बिनखर्चाचा उपाय होय.

७. निष्कर्ष

भ्रमणध्वनीमुळे सर्व्हर व त्याचा राखणदार यांच्यातील अंतर कमी झाले, हे निर्विवाद आहे. एरवीच्या दिवसांत ही सोय वेळ, प्रवास व खर्च वाचविते. तथापि महाड-पोलादपूरसारख्या परिसरात तिची खरी कसोटी जुलै महिन्यात लागते. स्वतः बंद होणारा सर्व्हर, खोऱ्याबाहेरील प्रत, दूरचा निरीक्षक व जवळचा माणूस या चार गोष्टींची जोड मिळाली तरच ही व्यवस्था त्या कसोटीस उतरेल. यांपैकी कोणतीही गोष्ट लहान महाविद्यालयाच्या आवाक्याबाहेरची नाही. त्यांची आखणी मात्र पावसाळ्यापूर्वी, मे महिन्यातच पूर्ण व्हावयास हवी.