दोनशेत तेरा

नोव्हेंबर २०१६ मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी गांजा कायदेशीर केला आणि एक सोयही करून ठेवली. गांजापायी पूर्वी शिक्षा झालेल्यांनी कोर्टात अर्ज करावा, डाग धुऊन मिळेल. सॅन फ्रान्सिस्कोत पात्र माणसं हजारांनी. वर्षभरात अर्ज आले २३.

मग सरकारी वकील जॉर्ज गॅस्कॉन यांनी अर्जांची वाट बघणं सोडलं. १,२३० प्रकरणं माणसांनी कागद चाळून काढली. बाकीचं काम 'कोड फॉर अमेरिका' या संस्थेच्या प्रोग्रॅमवर सोपवलं, त्याने काही मिनिटांत ८,१३२ शोधून दिली. एकूण ९,३६२, त्यातली काही पार १९७५ सालची.

लोक आळशी होते म्हणावं, तर गुन्ह्याची नोंद पुसून घेण्याचा मिशिगनमधला जुना रिवाज बघा. कोर्टातून निकालाची प्रमाणित प्रत आणा, बोटांचे ठसे द्या, अर्ज नोटरीकडून साक्षांकित करा, ५० डॉलर भरा, प्रती सरकारी वकिलांकडे पोचवा, मग सुनावणीची तारीख. सरकारी कचेरीत ज्याने कधी खेटे घातलेत त्याला पुढचं सांगायला नको. प्रेस्कॉट आणि स्टार या दोन प्राध्यापकांनी तिथला हिशेब मांडला. पात्र झाल्यापासून पाच वर्षांत नोंद पुसून घेणारे निघाले ६.५ टक्के, म्हणजे दोनशेत तेरा! आणि ज्यांची नोंद पुसली गेली, त्यांची कमाई वर्षभरात वीस टक्क्यांहून जास्त वाढली होती. उरलेले १८७ जण नोकरीच्या, भाड्याच्या घराच्या प्रत्येक फॉर्मवर तोच जुना गुन्ह्याचा रकाना भरत राहिले.

अशी नोंद नावावर असलेले अमेरिकेत सात कोटींच्या वर आहेत. एकेक अर्ज घेऊन हे कधी उरकायचं?

पेनसिल्व्हेनियाने २०१८ मध्ये कायदा करून अर्जाची भानगडच काढून टाकली. जून २०१९ पासून संगणक स्वतःच नोंदी मोहोरबंद करू लागला आणि पहिल्याच वर्षात तीन कोटींहून अधिक प्रकरणं बंद झाली. जवळजवळ सेकंदाला एक, रात्रंदिवस. राज्याची लोकसंख्या सव्वा कोटीच्या आसपास, म्हणजे माणसांच्या दुपटीहून जास्त खटले! किरकोळ दंडाची आणि शिक्षाच न झालेली प्रकरणंही त्यात होती, म्हणून हा डोंगर. मिशिगननेही ११ एप्रिल २०२३ रोजी यंत्र सुरू केलं. पहिल्याच दिवशी दहा लाखांहून अधिक लोकांच्या नोंदी पुसल्या गेल्या.

पुसल्या म्हणजे घरमालकाच्या नजरेआड गेल्या. पोलिसांना आणि कोर्टाला बहुतेक ठिकाणी त्या दिसतातच. आपल्या माणसांनी एक ध्यानात ठेवावं: ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्वाच्या अर्जात राज्याने पुसलेली शिक्षाही सहसा शिक्षाच धरली जाते आणि ती सांगावीच लागते. तेव्हा तिकडे तुमचं कुणी या फेऱ्यात असेल, तर नोंद बंद होण्याआधी कोर्टाच्या निकालाची प्रमाणित प्रत काढून ठेवायला सांगा.