चिकटलेल्या मोजाव्यात की मेलेले?

नुसत्या सीरममध्ये न्यूमोकोकस हा न्यूमोनियाचा जंतू मरत नाही. त्याची भिंत जाड असल्यामुळे कॉम्प्लिमेंटचा, म्हणजे सीरममधल्या जंतुमारक प्रथिनांचा, थेट मारा त्याला बाधत नाही. अंगावरच्या शर्करेच्या आवरणामुळे तो एकट्या पांढऱ्या पेशींनाही सहसा दाद देत नाही. अँटिबॉडी त्या आवरणाला चिकटली आणि तिने कॉम्प्लिमेंटला कामाला लावले, की मगच भक्षक पेशी त्याला गिळते आणि मारते. सीरमची ही मदत आकड्यात बसवण्याचा खटाटोप सव्वाशे वर्षे चालू आहे.

बेल्जियममध्ये देनी आणि लक्लेफ यांनी १८९५ सालीच स्ट्रेप्टोकोकस टोचलेल्या सशांच्या सीरममध्ये ही मदत पाहिली होती. तिच्या मोजणीला नाव मिळाले ते १९०३ मध्ये, लंडनच्या सेंट मेरीज हॉस्पिटलात ऑल्मरॉथ राइट आणि स्ट्युअर्ट डग्लस यांच्या कामामुळे. राइट यांचे सारे काम रबरी बोंडी लावलेल्या केसासारख्या बारीक काचनळीत चाले. धुतलेल्या पेशी, जंतू मिसळलेले पाणी आणि सीरम समप्रमाणात ओढायचे, मधे हवेचा बुडबुडा सोडायचा, काचपट्टीवर मिसळून पुन्हा नळीत घ्यायचे, तोंड बंद करून ३७ अंशांवर पाव तास ठेवायचे. मग रंगवलेल्या काचपट्टीवर एकेका पेशीच्या पोटात किती जंतू आहेत ते मोजायचे. रोग्याच्या सरासरीला निरोग्याच्या सरासरीने भागले की ‘ऑप्सोनिक इंडेक्स’ हाती येई. त्यावरून लशीचा पुढचा डोस ठरवण्याचे खूळ इतके वाढले, की बर्नार्ड शॉने १९०६ मध्ये त्यावर नाटक रचले. मेजर ग्रीनवुड या संख्याशास्त्रज्ञाने नंतर या मोजणीतल्या चुकीचा हिशेब मांडला आणि इंडेक्सचा दबदबा ओसरला. मूळ उणीव मात्र वेगळीच होती : गिळलेला जंतू मेला की पोटात जिवंत आहे, हे काचपट्टी सांगत नव्हती.

मधली दशके भराभर ओलांडायला हरकत नाही. रिबेका लान्सफील्ड यांची स्ट्रेप्टोकोकसची चाचणी सोडली, तर या काळात प्रत्येक प्रयोगशाळेची रीत निराळी आणि आकडे एकमेकांशी न जुळणारे होते.

शिस्त आली ती १९९७ मध्ये, न्यूमोकोकसच्या प्रमाणित चाचणीबरोबर. रोज नव्या दात्याचे रक्त काढण्याऐवजी तिने एचएल-६० ही रक्ताच्या कर्करोगातून आलेली पेशींची जात वापरली. डायमिथाइल फॉर्मअमाइडमध्ये काही दिवस वाढवली की ती भक्षक पेशींसारखी वागते. सीरम ५६ अंशांवर अर्धा तास तापवून त्याचे स्वतःचे कॉम्प्लिमेंट निकामी करतात, पायरीपायरीने पातळ करतात, जंतू घालतात आणि मग सशाच्या पिल्लाचे कॉम्प्लिमेंट व पेशी मिसळतात. पाऊण तासाने त्यातला थेंब आगरवर जातो. रात्रभरात उगवलेल्या वसाहती मोजायच्या. सीरम जितके पातळ करूनही निम्मे जंतू मरतात, तो त्याचा टायटर. बर्मिंगहॅम, अलाबामा इथल्या बर्टन आणि नाम यांनी २००६ मध्ये प्रत्येकी एका वेगळ्या औषधाला दाद न देणारे चार सीरोटाइप (आवरणावरून ठरणारे जंतूचे प्रकार) ताटलीच्या एकाच खड्ड्यात घालून तेवढ्याच सीरममध्ये चार उत्तरे मिळवली. तान्ह्या बाळाचे रक्त किती थोडे मिळते, हे ठाऊक असलेल्यालाच या युक्तीचे मोल कळेल.

एवढी यातायात कशासाठी, एलायझा या चाचणीने चिकटणाऱ्या अँटिबॉडी मोजल्या की भागते, असे म्हणणारा एक पंथ आहे. एलायझा स्वस्त आहे, लवकर होते, आणि बाळांसाठी मिलिलिटरला ०.३५ मायक्रोग्रॅम ही तिची ठरलेली रेषा सोयीची आहे, हे कबूल. पण वऱ्हाड मोजून लग्न लागले की नाही ते कळत नाही. न्यूमोकोकसच्या पहिल्या सातघटकी लशीत १९एफ हा सीरोटाइप होता. त्याच्या अँटिबॉडी भाऊबंद १९एला चिकटत, मारत मात्र फारशा नसत. अमेरिकेत लस सुरू झाल्यावर १९एचे आजार वाढले आणि २०१०च्या तेराघटकी लशीत त्याला वेगळी जागा द्यावी लागली. म्हाताऱ्यांचेही तसेच : एलायझात आकडा तरुणांच्या बरोबरीचा, मारण्यात मात्र ते मागे.

चाचणी सोपी नाही, आणि हल्ली ती उरकली जाते. वसाहती संगणक मोजतो, याला हरकत नाही. पण अँटिबॉडीविना, निव्वळ पेशी आणि कॉम्प्लिमेंटने किती जंतू मेले, ते दाखवणारे नियंत्रण खड्डे कुणी नीट पाहतच नाही. कॉम्प्लिमेंटची नवी बाटली उघडली की आधी तिचीच परीक्षा घ्यावी, हा जुना रिवाज वेळ खातो म्हणून गळतो. बाळाला आदल्या दिवशी अँटिबायोटिक दिले असेल तर त्याच्या सीरममध्ये जंतू पेशींवाचूनही मरतात, आणि कागदावर लस उत्तम ठरते.

तरीही पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या न्यूमोसिल या दहाघटकी न्यूमोकोकस लशीची गांबियात चाचणी झाली, तेव्हा एलायझाबरोबर हे टायटरही तपासले गेले. डिसेंबर २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तिला पूर्वमान्यता दिली.

स्टॅफिलोकोकस ऑरियसपुढे मात्र ही मोजणी अजून उपयोगी पडलेली नाही. त्याच्या अंगावरचे प्रोटीन ए अँटिबॉडीला उलटी धरते, म्हणजे भक्षक पेशीने पकडायचे टोक झाकले जाते. फायझरच्या चारघटकी लशीने मारणाऱ्या अँटिबॉडी भरपूर तयार केल्या. तरी पाठीच्या मणक्याच्या शस्त्रक्रियेच्या रुग्णांवरची तिची चाचणी २०१८ मध्ये निष्फळ ठरवून थांबवावी लागली.