४९ स्टेप्समध्ये चंद्र, कापरेकर आणि माझ्या बाइकचा हप्ता

ज्यांना भाग ऐकायला वेळ मिळाला नाही, किंवा जे हेडफोन घरी विसरून बसमध्ये बसलेत, त्यांच्यासाठी हा आजच्या भागाचा लेखी मजकूर. बोलताना आकडे भराभर निघून गेले होते, इथं ते निवांत बघता येतील.

आधी एक कबुली देतो. पहिली नोकरी लागल्यावर मी बाइक घेतली. एक लाखाचं कर्ज, तीन वर्षं, व्याज "फक्त दहा टक्के". महिन्याचा हप्ता ३,६११ रुपये. मी बीटेक झालेला, दिवसभर कोड लिहिणारा माणूस. पण त्या दिवशी मी एवढंच बघितलं, की हप्ता पगारात बसतोय ना? बसतोय. मग करा सही! ते दहा टक्के खरे किती होते, हे मला कळायला दोन वर्षं लागली. आणि कळलं ते जुन्या कॅल्क्युलेटरच्या नादाला लागल्यामुळं. कसं, ते शेवटी सांगतो.

बटणं लक्षात ठेवणारं यंत्र

साधा कॅल्क्युलेटर तुम्हाला माहितीच आहे. दहा बिलांवर तोच कर लावायचा असेल, तर तीच बटणं दहा वेळा दाबायची. प्रोग्रॅमेबल कॅल्क्युलेटरमध्ये ही बटणं दाबण्याचा क्रमच यंत्राला शिकवता येतो. एकदा शिकवलं की पुढच्या वेळी फक्त आकडा द्यायचा आणि रन करायचं.

खिशात मावणारा आणि प्रोग्रॅम चुंबकीय कार्डावर साठवणारा पहिला कॅल्क्युलेटर म्हणजे एचपी-६५. साल १९७४, किंमत ७९५ डॉलर, प्रोग्रॅमसाठी जागा १०० स्टेप्स. जुलै १९७५ मध्ये अमेरिका आणि सोव्हिएत रशियाची यानं अंतराळात जोडली गेली, त्या अपोलो-सोयुझ मोहिमेत अमेरिकन अंतराळवीरांनी तो हाताशी ठेवला होता.

त्याच वर्षी धाकटा भाऊ आला, एचपी-२५. किंमत १९५ डॉलर. कार्ड नाही, फक्त ४९ स्टेप्स आणि आकडे ठेवायला आठ कप्पे. बंद केला की प्रोग्रॅम गेला! उद्या परत वापरायचा असेल तर कागदावरून एकेक बटण दाबत पुन्हा भरायचा. बंद केल्यावरही प्रोग्रॅम जपून ठेवणारा एचपी-२५सी पुढच्या वर्षी आला.

आणि स्क्रीनवर काय दिसायचं? लाल आकडे, बास. प्रोग्रॅमसुद्धा आकड्यांतच दिसायचा. '२४' दिसलं तर समजायचं, दुसऱ्या ओळीतलं चौथं बटण. माझ्या फोनमधला एक साधा 'गुड मॉर्निंग'चा फोटोसुद्धा या अख्ख्या प्रोग्रॅमच्या हजारो पट मोठा असतो.

मग एवढ्याशा जागेत लोक करायचे तरी काय? गेम खेळायचे!

चंद्रावर उतरायचं, तेही एका ओळीत

एचपी-२५ सोबतच्या प्रोग्रॅमच्या पुस्तकात चंद्रावर उतरण्याचा गेम होता. सुरुवातीला स्क्रीनवर यायचं −५०.०५००. बघणाऱ्याला वाटेल हा एकच आकडा आहे. पण यात दोन गोष्टी आहेत. दशांश चिन्हाच्या डावीकडं यानाचा वेग, सेकंदाला ५० फूट. वजा चिन्ह म्हणजे खाली चाललंय. उजवीकडं उंची, ५०० फूट. स्क्रीनवर जागा एकाच आकड्याची, म्हणून उंचीला दहा हजारानं भागून वेगाच्या मागं चिकटवलं. आजच्या भाषेत हा अख्ख्या गेमचा यूआय!

आतलं गणित अकरावीच्या फिजिक्सचं. चंद्र सगळ्या वस्तू खाली ओढतो, दर सेकंदाला वेग साधारण ५ फुटांनी वाढतो. तुम्ही सांगायचं, या सेकंदाला किती इंधन जाळू? समजा काहीच जाळलं नाही. मग −५० चा वेग −५५ होणार. सरासरी ५२.५, म्हणजे उंची ५०० वरून ४४७.५ वर आली. पुन्हा प्रश्न, किती जाळू? लवकर जाळलं तर वरच इंधन संपतं, उशिरा जाळलं तर आपटतो. ना ग्राफिक्स, ना आवाज. तरी मी फोनवर असाच एक गेम खेळताना सात रस्त्याचा माझा स्टॉप मागं टाकून पुढं गेलोय.

गंमत बघा. गेम लिहिणाऱ्यानं ४९ स्टेप्समध्ये काय ठेवलं? वेग, उंची, इंधन. एवढंच. जागा नसली की आधी विचारावं लागतं, या प्रश्नाचा गाभा कुठला? बाकी सगळं बाहेर. याचं मला सापडलेलं सगळ्यात छान उदाहरण मात्र अमेरिकेचं नाही, आपल्या नाशिकजवळच्या देवळालीचं आहे.

देवळालीचे मास्तर आणि ६१७४

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. जन्म १९०५, डहाणूचा. देवळालीला शाळेत शिक्षक. १९४९ मध्ये, म्हणजे खिशातला कॅल्क्युलेटर यायच्या कितीतरी आधी, त्यांनी एक गोष्ट मांडली. तुम्हीही आत्ता करून बघा.

समोरच्या रिक्षाची नंबर प्लेट घ्या. एमएच-१३, पुढं समजा २५०७. हे चार अंक उतरत्या क्रमानं लावा, ७५२०. मग चढत्या क्रमानं, ०२५७. मोठ्यातून छोटा वजा करा. ७२६३. आता या ७२६३ वर तेच करा. ७६३२ वजा २३६७, उत्तर ५२६५. पुढं ३९९६, मग ६२६४, मग ४१७६, आणि मग ६१७४. आता ६१७४ वर परत करा. ७६४१ वजा १४६७, पुन्हा ६१७४! गाडी तिथंच थांबते.

चारही अंक सारखे नसलेली कुठलीही चार अंकी संख्या घ्या, जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत ६१७४ येतोच. सात लक्षात ठेवायला सोलापूरकरांना सोपं, सात रस्ता! ७७७७ सारखा व्हीआयपी नंबर घेतला तर मात्र पहिल्याच वजाबाकीत शून्य. जगभर या ६१७४ ला 'कापरेकर स्थिरांक' म्हणतात. मार्च १९७५ मध्ये 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकातल्या प्रसिद्ध सदरात मार्टिन गार्डनर यांनी कापरेकरांच्या कामावर लिहिलं. प्रोग्रॅमेबल कॅल्क्युलेटर खिशात यायला लागले ते हेच दिवस.

आता हे कॅल्क्युलेटरला शिकवायचं कसं? अंक सुटे करणं सोपं आहे. २५०७ ला १० नं भागा, २५०.७. दशांशाचा भाग घेतला की ७ मिळाला, पूर्णांकाचा भाग २५० पुढच्या फेरीला. या दोन्ही कामांसाठी एचपी-२५ वर बटणं होती. पण मग चार अंकांची क्रमवारी लावा, त्यातून मोठी संख्या जोडा, छोटी जोडा, वजा करा... ४९ स्टेप्स कुठल्या कुठं संपतात. मी पहिल्यांदा प्रयत्न केला तेव्हा निम्म्यातच जागा संपली होती.

मग कागद घेऊन बसलो. उतरत्या क्रमातले अंक अ, ब, क, ड म्हणू. मोठी संख्या १०००अ + १००ब + १०क + ड. छोटी त्याच्या उलट. वजाबाकी केली की उरतं फक्त एवढं:

९९९ × (अ − ड) + ९० × (ब − क)

बास! २५०७ साठी अ − ड म्हणजे ७, ब − क म्हणजे ३. ६९९३ अधिक २७०, उत्तर ७२६३. बरोबर आलं. दोन संख्या जोडायची गरजच नाही. मोठा अंक, छोटा अंक आणि मधल्या दोघांतला फरक, एवढं पुरतं.

अजून पुढं बघा. अ − ड हा १ ते ९ पर्यंतच असतो, आणि ब − क त्याच्यापेक्षा मोठा असू शकत नाही. अशा जोड्या मोजल्या तर फक्त ५४ भरतात. म्हणजे चार अंकी संख्या हजारो असल्या, तरी पहिल्या वजाबाकीनंतर ५४ च वेगळी उत्तरं शक्य आहेत. तेवढी तपासली की सगळ्या संख्यांचा निकाल लागला. हे काम एका दुपारी वहीतसुद्धा होतं. फक्त एक जपा, ९९९ आलं तर ते ०९९९ असं चार अंकी धरायचं.

माझ्या लॅपटॉपवर मी हाच प्रोग्रॅम पाच मिनिटांत लिहिला असता. सगळ्या संख्या तपासून उत्तरही आलं असतं. पण ही ५४ ची गोष्ट मला कधीच कळली नसती. लॅपटॉपनं मला विचार करायला भागच पाडलं नसतं.

आता माझा हप्ता

१९८१ मध्ये एचपी-१२सी आला, पैशांच्या हिशोबासाठी. हाही प्रोग्रॅमेबल, ९९ ओळींचा. वरच्या ओळीत पाच बटणं: हप्ते किती, व्याजदर, मुद्दल, हप्ता, शेवटी उरणारी रक्कम. चार भरा, पाचवं तो काढून देतो. व्याजदर विचारला की मात्र स्क्रीनवर थोडा वेळ 'रनिंग' लुकलुकायचं. कारण व्याजदर काढायचं सरळ सूत्रच नाही. तो अंदाज धरतो, तपासतो, सुधारतो.

हे आपणही करू शकतो. माझं कर्ज घ्या. एक लाख, ३६ हप्ते. महिन्याला १ टक्का व्याज धरलं तर हप्ता येतो ३,३२१. माझा ३,६११, म्हणजे दर जास्त आहे. २ टक्के धरले तर ३,९२३, हे फार झालं. मधला १.५ धरला, ३,६१५. जवळ आलो, किंचित कमी हवा. १.४९. त्याला १२ नं गुणा.

वर्षाला जवळजवळ १७.९ टक्के.

म्हणजे काय झालं होतं? 'फ्लॅट' दहा टक्के म्हणजे तिन्ही वर्षं पूर्ण लाखावर व्याज, दरवर्षी दहा हजार. पण मी तर दर महिन्याला मुद्दल फेडत होतो! अठराव्या महिन्यात माझ्याकडं लाख रुपये उरलेच नव्हते, व्याज मात्र लाखावरच चालू. उरलेल्या रकमेवर दहा टक्के असते, तर हप्ता ३,२२७ आला असता आणि तीन वर्षांचं व्याज साधारण १६,१६०. मी भरले ३०,०००. कागदावर 'फ्लॅट' शब्द स्पष्ट लिहिलेला होता. मीच विचारलं नाही.

घरचा अभ्यास

आज हप्ता काढणारी ॲप्स ढिगानं आहेत, कोडही एआय लिहून देतो. मीही वापरतो, त्यात वाईट काही नाही. पण आत काय चाललंय हे आपल्याला माहीत नसेल, तर चुकीचा प्रश्न विचारूनसुद्धा उत्तर सुरेखच येतं. माझा हप्ताही अगदी बरोबर काढलेला होता, पैशापैशाचा.

तर दोन कामं देतो. पहिलं, फोनवर फ्री४२ नावाचं मोफत ॲप घ्या. १९८८ च्या एचपी-४२एस कॅल्क्युलेटरची ती हुबेहूब नक्कल आहे. त्यावर ६१७४ चा प्रोग्रॅम लिहून बघा, पण ४९ स्टेप्सच्या आत. दुसरं, घरात कुणाचं कर्ज चालू असेल तर तो कागद काढा आणि मी वर केलं तसं १, २, मग मधला, असा खरा व्याजदर शोधा. आईबाबांना सांगताना आवाज चढवू नका, त्यांनीही माझ्यासारखा हप्ताच बघितला असणार.

तुमचा दर किती निघाला आणि प्रोग्रॅम किती स्टेप्समध्ये बसला, ते कळवा. भेटू पुढच्या भागात. तोवर रिक्षांचे नंबर मोजत राहा!