दोन मिनिटांचं भाषण, सोमवारचं मतदान

जून सरत आला की आमच्या सूचनाफलकावर शालेय मंत्रिमंडळाच्या निवडणुकीचा कार्यक्रम लागतो. अर्ज, छाननी, माघार, चिन्हवाटप, प्रचार, मतदान, मतमोजणी. दहावीच्या राज्यशास्त्रात ‘निवडणूक प्रक्रिया’ हे प्रकरणच आहे, आणि आमच्यातले बरेच शिक्षक लोकसभा-विधानसभेला केंद्राध्यक्ष म्हणून राबून आलेले असतात. त्यामुळे सगळं रीतसर चालतं. हजेरीपटावरून मतदार यादी तयार होते, बोटाला शाई लागते, दोन मोबाइल जोडून मतदान यंत्र उभं राहतं. माण तालुक्यातल्या या माध्यमिक शाळेत मुख्यमंत्रिपदाच्या प्रत्येक उमेदवाराला मैदानावर माईकसमोर दोन मिनिटं मिळतात. मी मराठी शिकवते, म्हणून कच्ची भाषणं घेऊन मुलं माझ्याकडं येतात. येईल त्याला मदत करायची, कोण निवडून यावं हे मनात आणायचं नाही.

भाषणं शनिवारी सकाळच्या शाळेत होतात आणि मतदान सोमवारी. मतदान संपण्याच्या वेळेआधी ४८ तास जाहीर प्रचार बंद, हा खऱ्या निवडणुकीचा नियम आम्हीही पाळतो. मधल्या रविवारी मतदार आपापल्या वाडीवर असतात. कुणी शेळ्यांमागं जातं, कुणी आईबरोबर खुरपायला. सोमवारी रांगेत उभं राहिल्यावर शनिवारचं काही आठवलं तर ठीक, नाहीतर मत आपल्या वाडीला जातं, भावकीला जातं. मुलं मुलाला देतात आणि मुली मुलीला. मोठ्यांच्या मतदानात जे घडताना आपण पाहतो, त्याची सवय इथंच लागते. म्हणून भाषण लक्षात राहणं ही मला शोभेची गोष्ट वाटत नाही. वाडीपलीकडचं मत मागायला उमेदवाराजवळ दुसरं काहीच नसतं.

पहिला खर्डा जवळजवळ सगळ्यांचा सारखा असतो. ‘आदरणीय व्यासपीठ, पूज्य गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्र-मैत्रिणींनो’ इथून सुरुवात, मग शिवाजी महाराज, मग सावित्रीबाई, शेवटी ‘एवढे बोलून मी माझे दोन शब्द संपवतो’. ही वक्तृत्व स्पर्धेची घडण. तिथं परीक्षक उच्चार, हावभाव, मांडणी यांना गुण देतात, त्यामुळे ती घडण तिथं चालते. इथं गुण देणारा पाचवीतला मुलगा आहे आणि त्याला उन्हात बसवलेलं आहे. दोन मिनिटांत सावकाश बोलून दोनशे-सव्वादोनशे शब्द होतात. त्यातले तीस-चाळीस नमस्कारातच गेले, तर उमेदवार बोलायला लागेपर्यंत मागची रांग माती उकरायला लागलेली असते. लिंकन यांचं १८६३ सालचं गेटिसबर्गचं भाषण सुमारे २७० शब्दांचं होतं, आणि त्यांच्याआधी एडवर्ड एव्हरेट दोन तास बोलले होते, हे मी मुलांना दरवर्षी सांगते. मग लाल पेन त्यांच्याच हातात देते. स्वतः खोडलं की पुढचं वाक्य लिहिताना हात सावध होतो.

अलीकडं नववीतली एक मुलगी असाच खर्डा घेऊन आली. अक्षर सुरेख. आश्वासनं बरीच : स्वच्छ शाळा, हिरवी शाळा, वेळेवर बस. मी म्हटलं, “हे राहू दे. मधल्या सुट्टीत नळापाशी उभी राहा आणि काय दिसतं ते लिहून आण.” दुसऱ्या दिवशी वहीत होतं : चार नळ, दोन चालू, पाचवीची मुलं सगळ्यांत मागं. खाली तिच्या बोलीतलं एक वाक्य, तिथंच कानावर पडलेलं : ‘पाणी प्यायला जावं तर घंटा हुतीया.’ भाषणात मात्र ते तिनं शुद्ध करून घेतलं होतं. मी मूळचं परत लिहायला सांगितलं. व्यंकटेश माडगूळकरांची ‘माणदेशी माणसं’ या मातीतून आली, त्या मातीतल्या मुलीनं माईकसमोर आपली बोली का लपवावी?

मग ती थोडा वेळ पेनचं टोपण उघडझाप करत बसली आणि म्हणाली, “मॅडम, मुली तर मुद्दाम पाणी कमी पितात. बोलू का हे?”

त्यामागचं कारण मला माहीत होतं. मुलींच्या स्वच्छतागृहाला कुलूप असायचं आणि किल्ली शिक्षक-खोलीत. पुरुष शिक्षकांसमोर जाऊन ती मागणं मुलींना नको वाटायचं, म्हणून त्या सकाळपासून घोटभर पाण्यावर काढायच्या. हे सगळ्या मैदानासमोर कसं बोलायचं, यावर आम्ही बराच वेळ घालवला. तक्रारीचा सूर आला असता तर मुलं हसली असती. आडून बोलली असती तर कुणाला कळलं नसतं. शेवटी तिनं दोन सरळ वाक्यं लिहिली : ‘आम्ही मुली शाळेत मुद्दाम पाणी कमी पितो, कारण किल्ली मागायला लाज वाटते. मला निवडून दिलं तर ती किल्ली प्रत्येक वर्गातल्या मुलीकडं असेल.’ यातला एकही शब्द मी सुचवलेला नाही.

आश्वासनांची क्रियापदं मात्र मी बदलायला लावते. आमच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेतून एसटीचा पास मोफत मिळतो, पण संध्याकाळची गाडी वेळेवर येईल याची हमी तो पास देत नाही. नववीतली मुलगी बस आणू शकत नाही. आगार व्यवस्थापकांना अर्ज लिहिणं, सगळ्या वाड्यांच्या मुलांच्या सह्या घेणं, मुख्याध्यापकांचं पत्र जोडणं हे तिच्या हातातलं आहे. ‘आणीन’ खोडून ‘अर्ज लिहीन’ केलं की वाक्य लहान दिसतं, पण ऐकणाऱ्याला ते खरं वाटतं. पुढं ते वाक्य घेऊन तिला जाबही विचारता येतो.

यानंतरची परीक्षा पाचवीच्या वर्गात. तिथल्या एका मुलाला भाषण ऐकवायचं, वही मिटायची आणि विचारायचं, “ताई काय म्हणाली?” तो जे सांगेल ते ठेवायचं, बाकीचं काढायचं. तिच्या भाषणातलं त्यानं नळ सांगितला, किल्ली सांगितली आणि घंटेचं वाक्य तसंच्या तसं म्हणून दाखवलं. हिरवी शाळा गेली.

उरली ती माईकची तयारी. आमचा माईक तोंडाजवळ धरला की ‘प’, ‘फ’, ‘भ’ फुटतात, आणि वारा असला की वाक्याचा शेवट मागं पोचत नाही. म्हणून वाक्यं आखूड, महत्त्वाचा शब्द वाक्याच्या सुरुवातीकडं, आणि ‘पाणी’ म्हणताना माईक वीतभर लांब. पहिलं वाक्य कागदावर न बघता बोलायचं.

शनिवारी किल्लीचं वाक्य आलं तेव्हा मुलांच्या रांगेत थोडी खुसखुस झाली. ती थांबली, तेच वाक्य पुन्हा तितक्याच आवाजात बोलली आणि पुढं गेली. सोमवारी ती निवडून आली. तिला मुलांच्या रांगांतूनही मतं पडली असणार. नुसत्या मुलींच्या मतांवर तेवढी आघाडी मिळाली नसती. शपथविधीच्या आठवड्यातच किल्ल्या करून घेतल्या, त्याला फारसा खर्च आला नाही.

दिवाळीनंतर पाचवीतल्या एका मुलानं तिला व्हरांड्यात अडवलं. “ताई, तिसरा नळ चालू झाला. चौथा कधी?”

“ग्रामपंचायतीत अर्ज दिलाय,” ती म्हणाली. “शुक्रवारी विचारायला जायचंय. तू पण चल.”