सही करण्याआधी

खोली लहान असते. समोर एचआरमधले दोघे बसलेले असतात, बोलणं सौम्य असतं, आणि थोड्याच वेळात टेबलावर राजीनाम्याचा तयार मजकूर येतो. ‘वैयक्तिक कारणास्तव’ हे शब्द त्यात आधीच छापलेले असतात. ‘राजीनामा दिलात तर रेकॉर्ड स्वच्छ राहील, पुढच्या नोकरीला अडचण यायची नाही,’ असं समजावलं जातं आणि उत्तर तिथल्या तिथे मागितलं जातं.

जुलै 2025 मध्ये टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने आपल्या मनुष्यबळातले सुमारे 2 टक्के, म्हणजे 12 हजारांहून अधिक लोक कमी करण्याचं जाहीर केलं, तेव्हा नोकरी जाण्याची ही भीती हिंजवडी-खराडीतल्या घराघरांत शिरली. तळेगावच्या जनरल मोटर्सच्या कारखान्यातलं उत्पादन डिसेंबर 2020 मध्ये थांबलं, तेव्हा ती मावळातल्या कामगार कुटुंबांनी अनुभवली होती. अशा वेळी लोक लगेच सीव्ही उघडून बसतात. ते समजण्यासारखं आहे, पण पहिल्या आठवड्यातलं सगळ्यात महत्त्वाचं काम ते नाही. ज्या कागदावर सही मागितली जाते आहे, तो कागद नीट वाचणं हे ते काम आहे.

राजीनामा आणि कामावरून कमी केलं जाणं, या कायद्याच्या दृष्टीने अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. कामगार म्हणून तुम्हाला कमी केलं, तर एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार आणि सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे 15 दिवसांचा सरासरी पगार ही भरपाई मिळायला हवी. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात ही तरतूद होती. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही ती आहे. या संहितेने भर घातली आहे ती पुनर्कौशल्य निधीची: कमी केलेल्या कामगारामागे मालकाने 15 दिवसांचा शेवटचा पगार त्यात भरायचा आणि तो 45 दिवसांत कामगाराच्या खात्यात जमा व्हायचा. राजीनाम्यावर सही केली की यातलं काहीच लागू होत नाही. पुढे ‘दबाव होता’ असं म्हणता येतं, पण दबाव सिद्ध करण्याचा भार तुमच्यावर येतो, आणि बंद खोलीतल्या बोलण्याचा पुरावा कुणाकडे असतो?

आयटीतल्या बऱ्याच जणांना वाटतं, आपण इंजिनियर, आपल्याला कामगार कायदा कसला लागू होणार. पदाच्या नावावरून हे ठरत नाही, प्रत्यक्ष कामावरून ठरतं. कायद्यातल्या कामगाराच्या व्याख्येत तांत्रिक कामही येतं. व्यवस्थापकीय काम करणारे त्यातून वगळलेले आहेत, तसेच देखरेखीचं काम करून महिना 18 हजारांहून जास्त पगार घेणारेही. तेव्हा टीम लीड असं कार्डावर छापलेला माणूस दिवसभर कोडच लिहीत असेल, तर त्याने स्वतःच स्वतःला कायद्याबाहेर ठेवू नये. कामगार आयुक्तांच्या कार्यालयात जाऊन विचारावं. समेटासाठी तिथे जायचं असेल तर दोन वर्षांची मुदत आहे, ती हातातून जाऊ देऊ नये.

म्हणून त्या खोलीत एवढंच म्हणायचं: ‘मला हे ईमेलवर पाठवा, मी वाचून दोन दिवसांत कळवतो.’ आवाज चढवायची गरज नाही, भांडण नको. घरी आल्यावर झालेलं बोलणं लिहून त्याच ईमेलला उत्तर म्हणून पाठवायचं: कोण होतं, काय सांगितलं, किती मुदत दिली. काही वेळा वाटाघाटीनंतर राजीनामाच सोयीचा ठरतो, विशेषतः कंपनी कायद्यापेक्षा बरीच जास्त रक्कम देत असेल तर. मग तो द्यावा, पण रक्कम आणि तारीख लेखी हातात आल्यावर. ‘माझे कंपनीकडून काहीही येणे बाकी नाही’ हे वाक्य असलेल्या कागदावर तर पैसे खात्यात जमा होण्याआधी सही करूच नये.

रकमेची फोड मागणं हाही हक्क आहे. ‘पाच महिन्यांचा पगार देतो’ हे ऐकायला बरं वाटतं, पण त्यात नोटीस, शिल्लक रजेचे पैसे आणि ग्रॅच्युइटी धरली असेल, तर कंपनी स्वतःच्या खिशातून फारच थोडं देते आहे. ग्रॅच्युइटी आणि कपातीची भरपाई या दोन्हींत 15 दिवसांचा हिशेब येतो म्हणून लोक त्यांना एकच समजतात. त्या वेगळ्या आहेत आणि दोन्ही मिळू शकतात. ग्रॅच्युइटीचं गणित घरच्या घरी करता येतं: शेवटचा बेसिक आणि महागाई भत्ता गुणिले 15, भागिले 26, गुणिले सेवेची वर्षं. 40 हजार बेसिक आणि 11 वर्षं सेवा असेल तर 2 लाख 53 हजार 846 रुपये होतात. सहा महिन्यांहून जास्तीचा काळ पूर्ण वर्ष धरला जातो, म्हणजे 10 वर्षं 7 महिने झालेल्यालाही 11 वर्षांचीच रक्कम मिळते. कायम नोकरीत साधारणपणे पाच वर्षं पूर्ण व्हावी लागतात. ती व्हायला काही आठवडेच उरले असतील, तर शेवटचा दिवस पुढे ढकलून मागावा. ही मागणी फार लोक करत नाहीत, कारण ती करता येते हेच ठाऊक नसतं. नव्या संहितेत ठरावीक मुदतीच्या कराराने काम करणाऱ्यांना एका वर्षानंतरही ग्रॅच्युइटीचा हक्क आहे. फुल अँड फायनलसाठी महिना-दीड महिना थांबायची सवय आपल्याला लागली आहे, पण वेतन संहिता सांगते की नोकरी संपल्यावर थकलेला पगार कामकाजाच्या दोन दिवसांत द्यायचा.

पीएफच्या बाबतीत एकच कळकळीचं सांगणं आहे: घाईने काढू नका. पाच वर्षं व्हायच्या आत काढलेल्या रकमेवर सहसा कर लागतो. दहा वर्षांची सेवा झाली की पेन्शनचा हक्क तयार होतो. खातं नव्या नोकरीत जोडून घेतलं की जुनी वर्षं मोजली जातात. पगार 21 हजारांपर्यंत असणाऱ्या, ईएसआयसीत असलेल्या कामगारांसाठी अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना 2018 पासून आहे. नोकरी गेल्यावर सरासरी रोजच्या कमाईच्या निम्मी रक्कम जास्तीत जास्त 90 दिवस मिळते. तिची मुदत वेळोवेळी वाढवली जाते, म्हणून शाखेत चौकशी करावी. मात्र स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्यांना ती मिळत नाही. गोष्ट पुन्हा त्या सहीपाशीच येते.

कंपनीचा मेडिक्लेम शेवटच्या दिवशी संपतो. घरात मधुमेहाचे किंवा हृदयविकाराचे आईवडील असतील, तर त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याचा अर्ज नोकरी संपायच्या आधीच करावा, म्हणजे आधीची वर्षं प्रतीक्षा कालावधीत धरली जातात. घराचा हप्ता चुकायच्या आधी बँकेत जावं. 90 दिवस थकल्यावर कर्ज बुडीत वर्गात जातं, आणि मग बँकेच्या माणसाच्या हातातही फारसं काही उरत नाही.

ज्यांच्या नोकऱ्या आज शाबूत आहेत, त्यांनी सगळ्या पगारपावत्या, नेमणूकपत्र, पगारवाढीची पत्रं आणि फॉर्म 16 स्वतःच्या ईमेलवर ठेवावेत. कंपनीचा लॅपटॉप एका तासात बंद होतो. (कंपनीच्या गोपनीय फायली मात्र घेऊ नयेत, त्याने उलट अडचण होते.) जुना कागद किती वर्षांनी लागेल ते सांगता येत नाही. 18 जानेवारी 1982 रोजी मुंबईत सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार होते. कित्येक वर्षांनी म्हाडाच्या घरांसाठी अर्ज करताना त्यांच्याकडे आणि त्यांच्या वारसांकडे मागितले गेले ते तिकीट नंबर, हजेरीपत्र, पगारपावती. ज्याच्या घरातल्या पत्र्याच्या पेटीत तो कागद जपून ठेवलेला होता, त्याचं काम सोपं झालं.

हातात एकरकमी पैसा आला की सल्ले देणारेही येतात. कुणी फ्रँचायझी सुचवतो, कुणी दीड लाखाचा कोर्स, कुणी शेअर बाजार. सेबीने सप्टेंबर 2024 मध्ये दाखवून दिलं की आधीच्या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये व्यवहार करणाऱ्या 93 टक्के व्यक्तींना तोटाच झाला. हा पैसा म्हणजे घरखर्चाचे महिने आहेत. कोर्स करायचाच असेल, तर आधी हव्या असलेल्या कामाच्या वीस-पंचवीस जाहिराती वाचाव्यात. जे कौशल्य वारंवार मागितलेलं दिसेल आणि आपल्याकडे नसेल, तेवढंच शिकावं. ‘नोकरी पक्की, आधी नोंदणी फी भरा’ म्हणणारा चोर असतो, मग लेटरहेड कितीही मोठं असो. पैसे गेलेच तर 1930 वर ताबडतोब फोन करावा.

आता नोकरी शोधण्याकडे. आपल्याकडे सगळ्यात मोठा अडथळा लाजेचा आहे. नोकरी गेल्याचं घरी न सांगता सकाळी डबा घेऊन बाहेर पडणारी माणसं आहेत, संध्याकाळपर्यंत वाचनालयात नाहीतर मॉलमध्ये बसणारी. त्यांची तगमग मला कळते. पण ज्यांना आपण सांगत नाही, त्यांच्यापैकीच कुणाकडून काम मिळायचं असतं. पोर्टलवर शेकडो अर्ज जातात, तिथे आपलं नाव गर्दीत बुडतं. ओळखीच्याने पुढे केलेला सीव्ही निदान वाचला जातो. बायकोला, आईवडिलांना त्याच दिवशी सांगावं. आठवडाभरात जुने सहकारी, कॉलेजचे मित्र, जुने साहेब, माल पुरवणारे आणि ग्राहकांकडचे लोक यांची यादी करावी.

आणि त्यांना ‘काही असेल तर सांग’ असं लिहू नये. त्यावर समोरचा ‘नक्की’ म्हणतो आणि विसरतो. ‘मी सहा वर्षं गिअरबॉक्सच्या वॉरंटी क्लेमचं काम पाहिलं. चाकण-रांजणगाव पट्ट्यात क्वालिटीचं काम शोधतोय. तुमच्याकडे त्या विभागाचं कोण बघतं, त्यांच्याशी दहा मिनिटं बोलता येईल का?’ असं लिहिलं की समोरच्याला नेमकं काय करायचं ते कळतं.

सीव्हीतही हाच नेमकेपणा हवा. ‘मेहनती, टीममध्ये काम करणारा’ हे सगळेच लिहितात. सीएनसी चालवणाऱ्याने कंट्रोलर कोणता, किती मायक्रॉनपर्यंत काम केलं, सेटिंग स्वतः करतो का, हे लिहावं. अकाउंट्सवाल्याने किती शाखांचं जीएसटी रिटर्न भरलं ते लिहावं. चाळिशी-पंचेचाळिशी ओलांडलेल्यांनी मोठ्या कंपन्यांच्या बरोबरीने भोसरी-चाकणमधले मध्यम कारखाने आणि मोठ्यांना माल पुरवणारे उद्योग जरूर बघावेत. अशा ठिकाणी मालक स्वतः मुलाखत घेतो. दोन-तीन कामं एकट्याने सांभाळणारा अनुभवी माणूस त्याला हवा असतो.

मुलाखतीत ‘आधीची नोकरी का सोडली?’ हे विचारलं जाईलच. ‘आमचा विभाग बंद झाला, त्यात माझी जागा गेली,’ एवढं सरळ सांगावं आणि लगेच त्या विभागात आपण काय उभं केलं त्याकडे वळावं. आधीच्या कंपनीबद्दल वाईट बोलू नये. मधल्या महिन्यांबद्दल खोटं सांगू नये, पीएफच्या नोंदीत ते महिने दिसतात. पगाराचा आकडाही फुगवू नये, कारण फॉर्म 16 मागतातच. आणि ‘किती अपेक्षा आहे?’ या प्रश्नाला घाबरून जुन्या पगाराच्या निम्मा आकडा सांगू नये. त्या कामाचा त्या भागातला चालू दर दोन-तीन जणांना आधी विचारून ठेवावा आणि तोच सांगावा.