द्रव्याचा गत्यात्मक सिद्धांत

द्रव्य हे सतत गतिमान असणाऱ्या सूक्ष्म कणांचे (अणू, रेणू वा आयन यांचे) बनलेले आहे, या कल्पनेच्या आधारे घन, द्रव व वायू यांच्या गुणधर्मांचे स्पष्टीकरण करणारा सिद्धांत. कणांची गती त्यांना विखरू पाहते, तर परस्पर आकर्षण त्यांना एकत्र ठेवू पाहते. यांपैकी ज्याचे प्राबल्य असेल, त्यानुसार पदार्थाची अवस्था ठरते. सामान्यतः निरपेक्ष तापमान हे कणांच्या सरासरी गतिज ऊर्जेचे माप असते.

घन अवस्था : घन पदार्थात कण ठराविक स्थानांभोवती कंप पावतात, स्थान सहसा सोडत नाहीत. म्हणून त्यास निश्चित आकार असतो. तापमान वाढल्यास कंपनांचा परमप्रसर (मध्य स्थितीपासून होणारे कमाल स्थानांतरण) वाढतो व पदार्थ बहुधा प्रसरण पावतो.

द्रव अवस्था : येथे कण निकट असले, तरी एकमेकांवरून सरकू शकतात. त्यामुळे द्रव वाहतो, परंतु सहजी दाबला जात नाही. सर्व रेणूंचा वेग सारखा नसतो. पृष्ठभागाजवळील वेगवान रेणू निसटतात व उरलेल्यांची सरासरी ऊर्जा घटते. मातीच्या माठातील पाणी गार होते ते यामुळेच. दमट हवेतील बाष्पाचे पुष्कळ रेणू पाण्यात परत येत असल्याने पावसाळ्यात माठ तितका गार होत नाही.

वायू अवस्था : भांड्याच्या भिंतींवर होणारे रेणूंचे आघात म्हणजेच वायूचा दाब, हे डॅनियल बेर्नुली यांनी १७३८ मध्ये दाखविले. तापमान कायम ठेवून घनफळ निम्मे केल्यास आघात दुप्पट होतात व दाबही दुप्पट होतो. २०° से. तापमानास नायट्रोजनाच्या रेणूंचा वर्गमाध्य मूळ वेग सेकंदास सु. ५१० मी. असतो. तरीही निश्चल हवेत उदबत्तीचा वास सावकाश पसरतो. कारण नेहमीच्या दाबास हवेतील रेणू मिलिमीटरच्या सु. १५,००० व्या भागाइतके अंतर जाताच दुसऱ्या रेणूवर आदळून दिशा बदलतो.

अवस्थांतर : ०° से. चा १ ग्रॅ. बर्फ वितळण्यास सु. ३३४ ज्यूल, तर १००° से. च्या १ ग्रॅ. पाण्याची वाफ होण्यास सु. २,२५७ ज्यूल उष्णता लागते. या काळात तापमान वाढत नाही. कारण ही ऊर्जा मुख्यतः रेणूंमधील आकर्षणावर मात करण्यात खर्च होते. वाफेत रेणू जवळजवळ पूर्णपणे विलग होत असल्याने दुसरी राशी कितीतरी मोठी आहे.

पुरावा : विसाव्या शतकाच्या आरंभीही एर्न्स्ट माख, व्हिल्हेल्म ओस्टव्हाल्ट इ. शास्त्रज्ञ अणूंना केवळ सोयीची कल्पना मानीत. रॉबर्ट ब्राउन यांनी १८२७ मध्ये पाण्यात तरंगणाऱ्या, परागकणांतून निघालेल्या सूक्ष्म कणांची अखंड व अनियमित हालचाल पाहिली होती. ती पाण्याच्या रेणूंच्या असमान आघातांमुळे होत असल्यास कणाचे सरासरी स्थानांतरण किती असावे, याचे गणित आल्बर्ट आइन्स्टाइन यांनी १९०५ मध्ये मांडले. झां पेरँ यांनी १९०८ पासून केलेल्या मापनांशी ते जुळले व त्यांवरून ॲव्होगाड्रो संख्याही काढता आली. ओस्टव्हाल्ट यांनी १९०९ च्या सुमारास आपले मत बदलले. पेरँ यांना १९२६ चे भौतिकीचे नोबेल पारितोषिक मिळाले.

मर्यादा : अतिशय कमी तापमानास हे अभिजात चित्र अपुरे पडते. पुंजयामिकीनुसार निरपेक्ष शून्य तापमानासही कणांची गती पूर्णपणे थांबत नाही. यामुळेच हीलियम सामान्य वातावरणीय दाबास कितीही थंड केला, तरी द्रवच राहतो; तो घनरूप होण्यास सु. २५ वातावरण दाब द्यावा लागतो.