विचारून केलेली मोजदाद

आपल्या माजलगांवच्या पेठेंतील कापडाच्या दुकानदारास गिऱ्हाइकांची आवड कळण्यास फारसे सायास पडत नाहींत. कोणतें लुगडें उचललें गेलें व कोणतें घडीवरच राहिलें, हें त्याच्या डोळ्यांसमोर असतें. परंतु जो गृहस्थ संगणकाची प्रणाली रचून ती मूळ लिखाणासकट जगास मोफत देऊन टाकतो, त्याला हें सुख नाहीं. अशा 'मुक्तस्रोत' प्रणाली कोणीही घ्याव्या, वापराव्या, शेजाऱ्यास द्याव्या. त्या किती जण वापरतात, त्यांत मराठींतून वापरणारे किती, हें कर्त्यास आपोआप कळत नाहीं.

या अज्ञानाची झळ आपणांसच लागते. हीं कामें पुष्कळदां विनावेतन, फावल्या वेळांत होतात. जेथें कोणी वापरणारा दिसत नाहीं तेथें श्रम कोण करील? मराठी भाषांतर अपुरें राहतें, जोडाक्षरें मोडकीं दिसतात. तेव्हां मोजदाद हवी, यांत वाद नाहीं. वाद आहे तो रीतीविषयीं. कारण हा मोजणारा दारांत उभा राहून विचारीत नाहीं, तो घरांतल्या यंत्रांतच बसलेला असतो. दावीद राजाच्या शिरगणतीची कथा आमच्या विद्यार्थ्यांस ठाऊक आहे. राजाला मोजण्याची सत्ता होती, तरी ती मोजणी त्याला भोंवली.

'डेबियन' नांवाच्या प्रणालीनें या प्रश्नाचें उत्तर फार साधें दिलें आहे. ती यंत्रावर बसवीत असतां विचारलें जातें कीं, आमच्या मोजदादींत आपण भाग घेणार काय? उत्तराच्या जागीं आधींच 'नाहीं' असतें. जो होकार देईल त्याच्या यंत्राकडून आठवड्यास एकदां, कोणतीं साधनें बसविलीं आहेत व कोणतीं अलीकडे वापरलीं गेलीं, एवढीच यादी जाते. नांव नाहीं, लिहिलेला मजकूर नाहीं. यंत्राची ओळख म्हणून यदृच्छेनें निवडलेला एक अंक मात्र असतो. एकूण आंकडे सर्वांस पाहण्यास खुले असतात, आणि त्यांत फायरफॉक्सच्या मराठी भाषांतराचाही आंकडा निराळा वाचतां येतो.

तथापि नांव गाळलें म्हणजे मनुष्य लपला, असें समजूं नये. अमेरिकेंत लटान्या स्वीनी या विदुषीनें २००० सालीं दाखविलें कीं, जन्मतारीख, लिंग व टपालाचा विभागांक एवढ्या तिहींवरून तेथील सुमारें ८७ टक्के लोक ओळखतां येण्याजोगे होते. मुंबईच्या गर्दींत मिसळून जाणारा मनुष्य लहान गांवांत उघडा पडतो. माजलगांव, मराठी भाषा आणि एखादें क्वचित् वापरलें जाणारें साधन एवढें एकत्र आलें कीं तो कोण, हें शेजारीही सांगतील. म्हणून गांवाचें नांव मुळींच न मागणें बरें.

यावर एक गमतीची युक्ति आहे. स्टॅन्ली वॉर्नर या संशोधकानें १९६५ सालीं पाहणीसाठीं जी पद्धति सुचविली, तिच्याच जातीचें हें सोपें रूप. शंभर विद्यार्थ्यांस विचारावयाचें कीं, 'परीक्षेंत कधीं नक्कल केली काय?' प्रत्येकानें गुपचूप नाणें उडवावें. छापा पडल्यास कांहीं विचार न करतां 'होय' म्हणावें, कांटा पडल्यास खरें सांगावें. समजा, ६५ 'होय' आले. त्यांतले सुमारें ५० नाण्याचे. उरलेले १५ हे खरें सांगणाऱ्या ५० जणांतले, म्हणजे शेंकडा ३०. वर्गाची स्थिति कळली, परंतु कोणा एकाच्या 'होय'वरून त्यास छडी मारतां येणार नाहीं! गूगलनें २०१४ सालीं क्रोमसाठीं याच तत्त्वावरची पद्धति प्रसिद्ध केली. दोष इतकाच कीं, माणसें थोडीं असलीं म्हणजे हा अंदाज डळमळतो.

संमतीच्या मोजदादींतही उणीव आहेच. होकार देणारे बहुधा जाणते असतात. नवशिके मोजणींतून सुटतात. अशा कारणांस्तव 'गो' या संगणकभाषेच्या एका प्रमुख कर्त्यानें २०२३ सालीं मोजणी आधींपासूनच चालू ठेवण्याचें सुचविलें होतें. टीका झाल्यावर संमतीची रीत पत्करली गेली. माझ्या मतें तेंच योग्य झालें; अपुऱ्या आंकड्यास पुढें दुरुस्ती करतां येते.

आपल्या देशांत १९४८ च्या कायद्यानें जनगणनेचे कागद गुप्त ठेवले. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनीं २४ ऑगस्ट २०१७ रोजीं खासगीपण हा मूलभूत हक्क ठरविला, आणि २०२३ सालीं वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत झाला. अठरा वर्षांखालील मुलांच्या अशा माहितीसाठीं त्यांत पालकांची संमति सांगितली आहे. शाळेच्या यंत्रावर असा प्रश्न पुढें आल्यास विद्यार्थ्यानें परस्पर 'होय' न दाबतां शिक्षकांस बोलवावें, आणि काय पाठविलें जाणार तें दोघांनीं मिळून वाचावें.